हिमनदीसमोर पंगत

अलास्काला जाणार असाल तर टूरवाल्याला आधी एवढंच विचारा: हिमनदीसमोर बोट थांबते तेव्हा तुम्ही जेवायला वाढता का? मी विचारलं नाही. अजून डोकं तापतं.

जायचं ठरलं सुनंदामुळं. माझी बायको गारखेड्यातल्या शाळेत भूगोल शिकवायची. समुद्रात उतरणारी हिमनदी तिनं जन्मभर फळ्यावर काढली. निवृत्त झाल्यावर म्हणाली, "एकदा तिचा कडा तुटताना बघायचाय. बाकी काही नको." मी शहरातल्याच एका टूरवाल्याकडं नावं नोंदवली. जाहिरातीत 'रोज मराठी जेवण' ठळक अक्षरांत होतं, तिथंच ओळखायला हवं होतं.

अँकरेजहून बंदराकडं जाणारा रस्ता समुद्राच्या कडेनं जातो आणि शेवटी एकेरी बोगदा लागतो. त्यातून रेल्वे आणि गाड्या आळीपाळीनं सोडतात, म्हणून वेळ हाताशी ठेवून निघा. सुनंदा बसच्या खिडकीला चिकटली होती. "आपल्या गौताळ्याच्या दऱ्या पाण्यानं चिरल्या, म्हणून तळाशी निमुळत्या," ती मला सांगत होती. "ही दरी बर्फानं खरवडलीय. पोटात दगडगोटे धरून घासत जातो तो, म्हणून घमेल्यासारखी रुंद." मागं भेंड्या रंगल्या होत्या.

बोटीवर वारा कान कापतो, टोपी आणि हातमोजे हवेतच. निळसर, उंचच उंच हिमनदी समोर आली, बोट थांबली आणि टूरच्या मॅनेजरनं खालच्या केबिनमध्ये पंगत बसवली. पुरी-भाजी, श्रीखंड. सुनंदा बाकावर आतल्या बाजूला अडकली. ती उठायला लागली तर शेंद्र्याचे अण्णा, ग्रुपमधले सगळ्यांत वडीलधारे, म्हणाले, "बसा ओ बाई. भरल्या पानावरून उठू नाय. बरफ काय पळून चाललाय व्हय?"

ती बसली. मीही मुकाट्यानं पुरी मोडत राहिलो. मग तोफ डागल्यासारखा आवाज झाला, बोट हलली, वर डेकवरचे गोरे लोक ओरडले. आम्ही वर पोचलो तेव्हा पाण्यावर बर्फाचा चुरा तरंगत होता आणि बोट परत वळत होती. सुनंदा कठडा धरून उभी राहिली. तिच्या बोटांना श्रीखंड तसंच होतं.

"मॅडम, कुणाचा तरी व्हिडिओ मिळवून ग्रुपवर टाकतो ना," मॅनेजर म्हणाला. त्याला पाण्यात ढकलावंसं वाटलं, खरंच सांगतो.

घरी येऊन फोटो बघितले. डोंगर आहेत, देवमासा आहे, पंगतीचे तर ढीगभर आहेत. तुटता कडा एकातही नाही. सुनंदा त्यावर बोलत नाही, याचाच मला जास्त राग येतो.

परवा अण्णांनी ग्रुपला शेंद्र्याच्या शेतावर जेवायला बोलावलं. पुन्हा पुरी, पुन्हा श्रीखंड. वरच्या अंगाला पाऊस झाला होता. पंगत अर्ध्यावर असताना गडी सांगत आला, ओढ्याला लोंढा आलाय, काठ ढासळायलाय. सुनंदा भरल्या पानावरून उठली.

"बसा की बाई," अण्णा म्हणाले. "जेवण तर होऊ द्या."

"जेवण कुठं पळून चाललंय, अण्णा?" ती म्हणाली आणि साडी खोचून चिखलात उतरली. मीही श्रीखंड सोडून तिच्यामागं धावलो.