पाठीची पावडर

गाडीखालच्या शहाबादी फरशीवर तेलाचा डाग पहिल्यांदा ह्यांनीच पाहिला. ओसरीतल्या कॉटवर दिवसभर पडून दुसरं करणार काय? अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, जिभेवर एकच शब्द उरला, "व्हय." भूक लागली तरी व्हय, नको असलं तरी व्हय, राग आला तरी व्हयच. त्या दिवशी डावा हात गाडीकडे करून व्हय व्हय असे ओरडले की मला वाटलं, पुन्हा झटका आला.

मला त्या डागाची काळजी वेगळीच होती. रविवारी इस्लामपूरची माणसं गाडी न्यायला येणार होती. मुलगा फौजेत. तिकडून फोनवर म्हणाला, "आई, इकून टाक. उभ्या गाडीच्या वायरी उंदरं खात्यात." त्याचं खरंच होतं. मला गाडी फक्त सुरू करता येते, आणि हे आता पुन्हा चालवणार नव्हते. पण बापाला सांगायचं काम माझ्या गळ्यात घालून तो मोकळा झाला. मी आपली आज सांगू, उद्या सांगू करत होते.

पोतं अंथरून मी गाडीखाली शिरले आणि तेलाच्या टाकीचा बोल्ट पान्यानं आवळला. सकाळी डाग पुन्हा तिथंच. ह्यांनी बोट वर केलं. "वरनं येतंय व्हय?" मी विचारलं. "व्हय." त्या शब्दावर काय विश्वास ठेवायचा! पण बोट काही खाली येईना, म्हणून बॉनेट उघडलं. सगळं इंजिन तेलानं काळंकुट्ट. जुन्या बनियनच्या चिंध्यांनी पुसून कोरडं केलं, तर ह्यांचं बोट आता कॉटखालच्या पावडरच्या डब्याकडे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रोज लावते ती पावडर.

"आवं, सकाळीच लावली की," मी खेकसले. एकेक दिवस असा येतो की माझ्यातली माया पार आटलेली असते. त्यांनी मान हलवली, इंजिनाकडे हात केला. मग कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. इंजिनावर पावडर भुरभुरली, गाडी सुरू करून ठेवली. थोड्या वेळानं वरच्या झाकणाच्या मागल्या कोपऱ्यात पांढऱ्यावर ओल धरली. झाकणाखालचं रबरी पॅकिंग वाळक्या चिंचेच्या टरफलासारखं कडक झालं होतं, काढताना तुकडे पडले.

तुकडे पिशवीत घालून मलकापुरात दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मावशी, बसवणार कोन? मेकॅनिक हाय का?"

"हाय की. घरातच हाय," मी म्हणाले.

नवं पॅकिंग बसवताना मी बोल्ट ओळीनं आवळायला लागले, तेव्हा हे चिडले. हवेत बोटानं दाखवलं, एक इकडचा, मग त्याच्या समोरचा. फौजेत उभी नोकरी ट्रकवर काढलेला माणूस. आजारपणानंतर पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पूर्वीसारखा दिसला आणि मला तो बघवेना. त्यांना वाटत होतं, मी गाडी त्यांच्यासाठी दुरुस्त करतेय.

शनिवारी फरशी कोरडी होती. गाडी सुरू केली, त्यांनी डोळे मिटून ऐकली, मान डोलावली. मी गाडी बंद करून कॉटच्या कडेला बसले. आता नाही तर उद्या त्या माणसांच्या तोंडून कळणार होतं.

"आवं, गाडी इकलीय. उद्या माणसं न्यायला येणार हायती."

"व्हय," ते म्हणाले, आणि किल्लीसाठी डावा हात पुढं केला.

मी किल्ली मुठीत आवळून धरली आणि तेच पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून.

"व्हय," ते म्हणाले. हात तसाच पुढं होता.