तीस मजली कांदाचाळ

ज्या वर्षी आमच्या ऑफिसात वाळवंटातल्या तीस मजली टॉवरचं काम आलं, त्या वर्षी नगरात चार मजल्यांची इमारत झाली तरी लोक सायकल थांबवून वर बघायचे. मी तिथं आर्किटेक्ट म्हणून लागलो त्याला दोन वर्षं झाली होती. काष्टीजवळच्या आमच्या वस्तीवरून कॉलेजात जाऊन पदवी घेणारा मी पहिलाच. हे मी कुणी न विचारता सांगायचो, आजही सांगतो.

काम आणलं होतं एका शेठनं. पुणतांब्याकडचा हा माणूस वेल्डर म्हणून आखातात गेला आणि ठेकेदार होऊन बसला. दर जूनला शिर्डीला दर्शनाला यायचा. तिकडच्या कुणा मालकाला टॉवर बांधायचा होता, आणि त्याचं डिझाईन शेठला आपल्या भागातून करून न्यायचं होतं. आमच्या साहेबांनी जाहीर केलं: एक डिझाईन मी करायचं, एक साहेबांच्या भाच्यानं. शेठ ज्याचं पसंत करतील तो कामावर देखरेखीला तीन वर्षं आखातात जाईल. मी पासपोर्ट काढूनच ठेवला होता. वस्तीवर मला 'दुबईवाले' म्हणायला सुरुवातही झाली होती. आता जाणं झालं नसतं तर ठरलेलं लग्न मोडल्यासारखं तोंड लपवत फिरावं लागलं असतं.

भाच्यानं पायापासून माथ्यापर्यंत काचेचा टॉवर काढला. खरं सांगायचं तर मीही तेच केलं होतं. कॉलेजच्या लायब्ररीतल्या गुळगुळीत मासिकांत उंच इमारत म्हणजे काच, एवढंच आम्ही शिकलो होतो. फरक इतकाच की त्याची काच निळी होती आणि माझी हिरवी. भर वाळवंटात काचेची पेटी उभी करायची, मग ती निववायला एसी लावायचा. त्या एसीच्या मशिनांनाच भाच्यानं चार मजले दिले होते. माणसांनी उरलेल्या जागेत राहायचं.

हे सगळं आम्ही काढत होतो ते साहेबांच्या ऑफिसात. तिथंही पश्चिमेला मोठी काच. दुपारी दोननंतर तिच्याजवळ बसवत नसे, म्हणून तिच्यावर ओलं बारदान टांगलेलं. वीज गेली की ट्रेसिंग पेपर मनगटाला चिकटायचा, शाई पसरायची, आणि आम्ही ती ब्लेडनं खरवडून पुन्हा काच काढायला घ्यायचो. बारदानाच्या आडोशाला बसून काचेचा टॉवर काढताना आम्हा दोन पदवीधरांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

मेच्या एका रविवारी वस्तीवर गेलो, तर आण्णा, म्हणजे माझे वडील, कांदा साठवायला नवी कांदाचाळ उभी करत होते. मी पॅन्टच्या खिशात हात घालून पाहणी केली आणि सल्ला दिला, की चार फुटांची रुंदी आठ करा, दुप्पट कांदा बसेल.

"मंग मधला कांदा सडंल की," आण्णा म्हणाले. "त्याला वारा कोन घालनार, तू?"

मग हातातलं काम न थांबवता त्यांनी मला जे सांगितलं, ते पाच वर्षांत कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. चाळ जमिनीपासून दोन फूट वर खांबांवर उचलायची, म्हणजे वारा खालून शिरतो. भिंती फटी ठेवून बांबूच्या करायच्या. छपराचं पाखं बाहेर ओढायचं, म्हणजे ऊन कांद्याला शिवत नाही. लांब बाजू वाऱ्यापुढं धरायची. कांद्याला वारा पायजे, ऊन नगं, एवढाच त्यांचा सिद्धांत. मी टेप काढून ती चाळ इंचाइंचानं मोजली. पोरगं शेवटी कामाला लागलं, असं आण्णांना वाटलं असावं.

नगरला परतून हिरव्या काचेचा टॉवर गुंडाळून ठेवला आणि आठ दिवसांत दुसरा काढला. अंगानं अरुंद. खालचे दोन मजले नुसत्या खांबांवर मोकळे. काच आत, आणि तिच्यापासून तीन फूट बाहेर चौफेर जाळी. पश्चिमेला दाट, उत्तरेला विरळ. ऊन जाळीवरच अडायचं, मधल्या पोकळीत तापलेली हवा वर चढून माथ्यावरून निघून जायची. एसीची मशिनं दीड मजल्यात बसली.

साहेबांनी बराच वेळ ड्रॉइंग बघितलं. कुठून सुचलं, विचारलं. मी छाती काढून सांगितलं, कांद्याच्या चाळीवरून. त्यांनी उठून दार लावलं.

"डिझाईन पहिल्या दर्जाचं आहे," ते म्हणाले. "पण कांदा हा शब्द शेठपुढं काढायचा नाही."

आणि शाईच्या पेनानं त्यांनी कोपऱ्यात इंग्रजीत लिहिलं, 'डबल स्किन'. ते नाव पडल्याबरोबर त्या जाळीपुढं मलाच शर्ट खोचून उभं राहावंसं वाटलं.

शेठ शिर्डीत ज्या हॉटेलात उतरले होते, तिथं बैठक झाली. भाच्याचा निळा टॉवर त्यांना रुबाबदार वाटला. पण तिकडं आधीच्या काचेच्या इमारतीत लोक दिवसभर पडदे ओढून दिवे लावून बसतात, अशी मालकाची तक्रार होती. मग माझी शीट पसरली. शेठनी चष्मा काढून पुसला. त्यांचं बोट खालच्या खांबांवरून जाळीवर आलं, पोकळीतून वर चढत माथ्यावर थांबलं. तोवर ते छापील मराठीत बोलत होते.

"हे तं आपल्या कांद्याच्या चाळीवानी दिसतंय," ते म्हणाले.

साहेबांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला. त्याची काही गरज नव्हती. मी तोंडावर बोलणारा माणूस. भल्याभल्यांना मी तोंडावर बोललेलो आहे.

"नाही शेठ," मी म्हणालो, "हे युरोपातलं आहे. डबल स्किन."

शेठचा जीव भांड्यात पडला. "मग हरकत नाही," ते पुन्हा छापील मराठीत म्हणाले. "नाहीतर तिकडं म्हणतील, गावाकडचा माणूस अख्खं गाव घेऊन आला."

त्या खोलीत चाळीत कांदा भरत वाढलेले आम्ही दोघं होतो, आणि दोघांनीही तिला ओळख दाखवली नाही. डिझाईन पसंत झालं. आखात मला मिळालं.

व्हिसा घेऊन वस्तीवर गेलो. टॉवर चाळीवरून काढलाय, हे आण्णांना आधीच सांगून झालं होतं. पगार किती, विमान कधी, यातलं आण्णांनी काही विचारलं नाही.

"सांगितलंस का रं त्यांला, हे आपल्या चाळीवरून घेतलंय म्हनून?"

"व्हय," मी म्हणालो. पदवी मिळाल्यापासून मी 'हो' म्हणत असे.

आण्णांनी ते काष्टीच्या बाजारात सांगितलं, चार आठवडे, भेटेल त्याला. मी निघेपर्यंत तो टॉवर बाजारभर झाला होता, आणि त्याची सरळ तीस मजली कांदाचाळ झाली होती. अरब लोक आता कांदा साठवणार, इथपर्यंत मजल गेली.

निघायच्या दिवशी एसटीच्या थांब्यावर एक म्हातारे शेतकरी मुद्दाम भेटायला आले. त्यांना एकच शंका होती. तीस मजले ठीक, पण वरच्या मजल्यावर कांदा चढवायचा कसा?

आण्णा माझ्याकडं बघत होते. तिथं कांदा नाही, माणसं राहणार, असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग आपल्या चाळीवरून नेमकं काय घेतलं, आणि ते तिथं खरंच सांगितलं का.

"लिफ्टनं," मी म्हणालो.

म्हाताऱ्यांनी मान डोलावली. आण्णांनी माझी बॅग उचलून गाडीत ठेवली आणि त्यांच्याकडं वळून म्हणाले, "शिकल्यालं हाय ते."