कंपनीचा फोन

मलकापुरात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. 'आमचं' ही आपली म्हणायची पद्धत. पाटीवर नाव नवऱ्याचं. लग्नाआधी मी कॉम्प्युटरमध्ये बी.एस्सी. केलं होतं, त्याने सहा महिन्यांचा हार्डवेअरचा कोर्स. तो पुढे काउंटरवर बसायचा. मी प्लायवुडच्या पार्टिशनमागे लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायची.

एकदा सोनाळ्याकडच्या एका शाळेचे आठ कॉम्प्युटर आले. सगळे एकाच जातीचे, कुठल्याशा ऑफिसने वापरून दान दिलेले. त्यांच्या डिस्क दुसऱ्या मशीनला लावून नवऱ्याने लिनक्स ही मोफत प्रणाली चढवली, पण डिस्क परत बसवून चालू केलं की पडद्यावर लिनक्सचं चिन्ह यायचं आणि तिथंच थिजायचं. तीन दिवस त्याने रॅम बदलून पाहिली, केबली बदलून पाहिल्या.

"मदरबोर्डच गेले," तो म्हणाला. "हेडमास्तरले सांगतो, भंगारात द्या."

"आठही एकदम कसे जातील?" मी विचारलं.

"तुले काय समजते त्यातलं?" म्हणत तो जेवायला घरी गेला.

मी एक मशीन पुढे ओढलं. सुरू होताना जो मेनू येतो, तिथे थांबून चिन्ह दाखवायची सूचना काढून टाकली. आता चिन्हामागे दडलेल्या ओळी भराभर पळताना दिसल्या आणि एका ओळीवर थबकल्या. ती ओळ पडद्याचं कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामची, ड्रायव्हरची, होती. म्हणजे मशीन मेलं नव्हतं, त्या कार्डापाशी अडकत होतं. पुन्हा सुरू केलं आणि सूचनेच्या शेवटी एकच शब्द जोडला: नोमोडसेट. पडद्याचं कार्ड ताब्यात घेऊ नको, साध्या चित्रावर काम चालव, एवढाच त्याचा अर्थ. जरा वेळाने जाड, बेढब अक्षरांत डेस्कटॉप उघडला. मी एकटीच हसले. किती दिवसांनी हसले, कोण जाणे.

नवरा परत आला तोवर आठही सुरू होते. त्याने आधी पडद्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, कुणी पाहत नाही ना म्हणून.

"हे एकाच वेळेपुरतं आहे," मी सांगितलं. "बंद केले की पुन्हा अडकतील. प्रत्येकाच्या फाइलमध्ये हा शब्द लिहावा लागेल. तासभर थांबा."

"गाडीवाला बाहेर उभा हाये. चालू झाले नं? बस झालं."

आठही मशीन बंद करून त्याने टेम्पोत चढवली आणि सोबत निघून गेला.

दोन तासांनी फोन आला. आवाज दबका. "तो शब्द काय होता वं? एकही चालू नाई होऊन राह्यलं."

पलीकडे मुख्याध्यापकांचा आवाज आला, "कोणाशी बोलताय?"

"कंपनीचा फोन हाये सर, एक मिनिट," नवरा म्हणाला.

फोन ठेवून देता आला असता. पण मग डोळ्यांसमोर शाळेतल्या पोरींची रांग आली, बंद पडद्यांपुढे बसलेली. मी एकेक अक्षर सांगितलं, मग फाइल कुठे आहे, काय लिहायचं, नंतर कुठली आज्ञा द्यायची. तो "हो सर, हाव सर" म्हणत राहिला. मला.

संध्याकाळी तो शाळेने दिलेली शाल आणि नारळ घेऊन आला.

"मी कंपनी का?" मी विचारलं.

"अवं, बायकोले विचारून राह्यलो म्हनलं असतं, तर पुन्हा एक मशीन देलं असतं का त्यायनं?"

मला भांडायचं होतं. पण तो खोटं बोलत नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

महिनाभराने त्याच शाळेच्या एक बाई स्वतःचा लॅपटॉप घेऊन आल्या. त्यांचाही सुरू होताना अडकत होता. नवरा बाहेर गेला होता.

"द्या, मी पाहते," मी म्हटलं.

"नको हो, कशाला त्रास? सर येतील ना, त्यांनाच दाखवते," असं म्हणून त्यांनी लॅपटॉप मांडीवर घट्ट धरला. तासभर माझ्यासमोर बसल्या. मी कॉलेज कुठे केलं, काय शिकले, हे मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मुलं किती, एवढं विचारलं.

नवरा आला. लॅपटॉप घेऊन त्याने बाईंसाठी समोरच्या टपरीवरून चहा मागवला आणि पार्टिशनच्या फटीतून लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. अडकणाऱ्या ड्रायव्हरचं नाव शोधून मी त्याला सुरुवातीलाच वगळलं, दोनदा बंद-चालू करून खात्री केली आणि लॅपटॉप परत सरकवला.

जाताना बाई पार्टिशनआड डोकावल्या. "नशीबवान आहात," म्हणाल्या. "इतका हुशार माणूस मिळाला."

"हो," मी म्हटलं, आणि पुढचा फॉर्म उघडला.