न बांधलेल्या यानांचे भावोजी

जी वस्तू जगात कुणीही कधी बांधली नाही, तिची प्रतिकृती करता येते काय? हा प्रश्न या लेखात तपासायला घेतला आहे. प्रतिकृती म्हटली की तिच्यामागे मूळ वस्तू असलीच पाहिजे; मातीच्या आंब्यामागे खरा आंबा असतो आणि शोकेसमधल्या लाकडी होडीमागे कुठेतरी पाण्यात खरी होडी असते, असे मी पेडण्याच्या शाळेत गणित शिकवताना पुष्कळ वर्षे बिनदिक्कत सांगत आलो. या विधानाला मला आयुष्यात एकच अपवाद भेटला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. न झालेल्या गोष्टींशी आमच्या भावोजींइतका प्रामाणिक राहिलेला माणूस अख्ख्या पेडणे तालुक्यात दुसरा झाला नाही. डिचोलीतही झाला नसावा, परंतु तिथली माझी चौकशी अपुरी आहे.

भावोजी आमोण्याला, नदीकाठच्या एका कारखान्यात आराखडे काढण्याच्या कामावर होते. नदीतून खनिज वाहून नेणाऱ्या बार्जी, म्हणजे सपाट बुडाच्या बोटी, तिथे बांधल्या जात. आठवडाभर ते डिचोलीत खोली घेऊन राहत आणि शनिवारी म्हापशावरून बसने पेडण्याला येत. घरी येणाऱ्या माणसाच्या पिशवीत भाजी असावी अशी माझ्या बहिणीची, म्हणजे बायची, साधी अपेक्षा असे; पिशवीतून निघत जुनी परदेशी मासिके. मुरगावच्या धक्क्यावर भावोजींचा एक मावसभाऊ कामाला होता. बोटींवरचे खलाशी वाचून टाकून देत ती मासिके तो यांच्यासाठी जपून ठेवी. त्यांत अंतराळयानांची चित्रे आणि आराखडे असत. काही याने खरोखर उडालेली, तर काही कुणी तरी मोठ्या उमेदीने कागदावर काढलेली आणि मग पैसा नाही, सरकार बदलले, अशा कारणांनी तिथेच राहिलेली. उडालेल्या यानांची पाने भावोजी न वाचता उलटीत. "गेला ता गेला. ताका आता माझी काय गरज?" असे ते म्हणत. न बांधलेले यान दिसले की मात्र चष्मा कपाळावरून नाकावर येई, पट्टी आणि कर्कटक बाहेर निघे, आणि पुढचे दोन-तीन महिने त्या यानाला कागदाचे शरीर मिळत असे.

हा नेम ते किती कडक पाळत, याचे एक उदाहरण देतो. पंख असलेले, विमानासारखे परत जमिनीवर उतरणारे एक यान त्यांनी फार पूर्वी केले होते आणि ते त्यांचे विशेष लाडके होते. पुढे एके दिवशी तसलेच यान खरोखर आकाशात गेल्याचा फोटो वर्तमानपत्रात आला. आम्हांला वाटले, भावोजी पेढे वाटतील. त्यांनी फोटो नीट पाहिला, खुर्चीवर चढून आपले यान छताखालून सोडवले आणि शेजारच्या काकूंना देऊन टाकले. काकूंनी त्या दिवाळीत त्याच्या पोटात दिवा सोडून ते आकाशकंदील म्हणून दारात लावले. मी हळहळलो, तर भावोजी म्हणाले, "मास्तर, तेचा भला झाला. आता ह्या घरात तेची जागा अडवून ठेवूची नाय."

कागदाच्या बाबतीत त्यांचे मत ठाम होते. दुकानातला जाड कागद त्यांना पसंत नसे; गोव्याच्या दमट हवेत तो पापडासारखा वाकतो, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यांचा विश्वास लग्नपत्रिकांवर. पत्रिका हातात आली की ते आधी ती वाकवून बघत, मग उजेडाकडे धरत, आणि वधू-वरांची नावे अगदी शेवटी वाचत. "बरी आसा. हेच्यात इंधनाची टाकी जातली," असा अभिप्राय मिळाला की लग्न चांगल्या घरातले समजावे. छापलेली बाजू ते आत घालीत आणि हळदीकुंकवाचे कोपरे कापून टाकीत, तरीही एखाद्या यानाच्या नळकांड्यात डोकावले असता 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' एवढा मजकूर दिसत असे. एकदा डिचोलीतले एक ठरलेले लग्न अगदी तोंडावर येऊन मोडले. सगळे गाव त्या घरावरून मान खाली घालून जात होते. भावोजी सरळ आत गेले आणि उरलेल्या पत्रिका मागू लागले. मुलीचा बाप आधी लालबुंद झाला. भावोजींनी त्याला समोर बसवून, कागद कशासाठी हवा, यान कोणते, ते का बांधले गेले नाही, हे सारे शांतपणे समजावले. शेवटी त्या गृहस्थाने स्वतः गठ्ठा बांधून दिला आणि म्हणाला, "व्हर बाबा. घरात दिसल्यो की बायलेच्या डोळ्यांक पाणी येता." पुढे त्या मुलीचे लग्न उत्तम ठिकाणी झाले, आणि त्याही पत्रिकेचा कागद चांगला होता.

चिकटवण्यासाठी मैद्याची खळ, आणि झुरळांनी ती खाऊ नये म्हणून तिच्यात मोरचूद. ही खळ ते बायच्या पातेल्यात शिजवीत. सकाळी पोदेर सायकलचा भोंपू वाजवीत पाव घेऊन दारात येई, तेव्हा चहाला पातेले सापडत नसे. "मोरचूद घातलेल्या भांड्यात चाय करू काय? एकदमच तुमच्या यानात बसून जाऊया सगळी," असे बाय म्हणे. पुढे तिने एका पातेल्याच्या कडेला खिळ्याने खूण केली आणि बाकीची भांडी कपाटात कुलूपबंद केली.

पाहुण्यांना याने दाखवताना भावोजी वर्तमानकाळात बोलत. "हांगा तिघां जणां निजतत. हांगासून पाणी येता." एकदा मी सुचवले की, या यानाला मागच्या बाजूने एक दार हवे, समजा पुढचे दार अडकले तर? त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे एखाद्या विद्यार्थ्याने सिद्धतेत मधली पायरी स्वतःच्या सोयीने घातली असता मी पाहीन. "मास्तर, आराखड्यात दार नाय. नाय ता नाय. मी कोण घालणार?" जे जगात नाही त्याच्याशी इतके काटेकोर राहण्याचे कारण मला तेव्हा समजले नाही.

आता यानांच्या जागेविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा प्रसंग जागेवरूनच घडला. आमच्याकडे चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. माटोळी म्हणजे छताला टांगलेली आडव्या-उभ्या पट्ट्यांची लाकडी चौकट. तिला नारळाची पेंड म्हणजे घड, सुपारीचे घोस, तोरिंगे, चिबूड, आंबाडे आणि रानातली तऱ्हेतऱ्हेची फळे बांधायची. बायच्या घरी ही चौकट बारा महिने छतालाच असे. एवढी चांगली चौकट वर्षभर रिकामी का ठेवावी, असा भावोजींचा सवाल होता. म्हणून ते तिला याने टांगीत. चतुर्थी जवळ आली की बाय हुकूम सोडी आणि सगळी याने उतरून खोक्यात जात. भाद्रपदाच्या ओलीत ती मऊ पडत. मग पुढचे महिने दुरुस्तीचे. दोघांनी हा तह इतकी वर्षे पाळला होता.

तह मोडला तो भावोजी निवृत्त होऊन घरी बसल्यानंतरच्या एका चतुर्थीला. त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. डॉक्टरांनी औषध दिले, पण हे वाढतच जाईल असेही सांगितले. भावोजींनी एकच उत्तर दिले : अवकाशात फिरत राहणारे, चाकाच्या आकाराचे स्थानक करायला घेतले. मधोमध नळकांडे, त्यापासून निघालेले आरे आणि त्यांभोवती माणसांनी राहायची गोल कड. या आराखड्याला ते आजवर घाबरत आले होते. डाव्या हाताने उजवे मनगट धरून ते कापीत, कापलेले बिघडले की नवी पत्रिका घेत. मी मदत करू का म्हणून विचारले, तर म्हणाले, "तुमी फळ्यार वर्तुळ काढतात ता मी बघलंय." चाक पुरे झाले, आणि चतुर्थी परवावर आली.

"काढा आता ता," बाय म्हणाली.

"सुकूक नाय. आता काढला तर लांबुळका जातला. टांगल्यावरच गोल ऱ्हवता."

"मगे माझो देव खंय बसतलो?"

"देव खाली बसता गो. ह्या वयर आसा."

बायचे म्हणणेही मुळीच क्षुल्लक नव्हते. तालुक्यातले एक मंडळ घरोघरच्या माटोळ्यांची स्पर्धा घेई. परीक्षक येऊन दुर्मीळ फळे मोजत आणि बांधणी पाहत. बायला दरवर्षी उत्तेजनार्थ बक्षीस मिळे आणि दरवर्षी पहिला नंबर तिच्या जाऊबाईंकडे जाई. यंदा ती स्वतः डोंगरावर हिंडून कुणाकडे नसतील अशी रानफळे गोळा करून आली होती. भावोजींना पुढच्या वर्षी असे चाक करता येणार नव्हते. बायलाही पुढच्या वर्षी डोंगर चढवेल याची खात्री नव्हती. दोघेही मागे हटेनात. एक दिवस घरात फक्त माझ्यामार्फत बोलणे चालले. मी टेपने चौकट मोजली आणि दोन्ही गोष्टी मावतात असे दोघांना स्वतंत्रपणे सिद्ध करून दाखवले. सिद्धता कुणी ऐकली नाही. अखेर बायच म्हणाली, "ऱ्हांव दे. पण मदीं सरकवा. एका बाजूक ऱ्हवला तर माझी माटोळी वाकडी दिसतली."

म्हणून त्या वर्षी हिरव्या पानांत, पिवळ्या तोरिंगांत आणि लालसर रानफळांत मधोमध एक पांढुरके चाक टांगलेले होते. कोपरे कापूनही उरलेले पत्रिकांच्या हळदीचे पुसट डाग त्याला होते. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. त्यांतले मुख्य गृहस्थ वनस्पतींचे चांगले जाणकार होते. मात्र आत धुपाचा धूर, पावसाळी उजेड आणि वर बघून बघून अवघडलेली मान. एकेक फळाचे नाव सांगत ते मध्यावर आले आणि थांबले.

"वैनी, ह्या नवीन दिसता. सुकलेल्या फळाची चकती काय ही? बियांचे कप्पे बघा कसे मोकळे झालेत!" आणि सोबत्याला म्हणाले, "लिही. दुर्मीळ."

मी बायकडे पाहिले. तिचे ओठ किंचित उघडे होते. एवढ्या एका शब्दाने पहिला नंबर आमच्या दारात येऊन उभा राहिला होता. तेवढ्यात कोपऱ्यातून भावोजींचा आवाज आला.

"होय होय. रानातला फळ ता. घाटार मेळता."

आराखड्यात नसलेले एक दार न घालणारा हा माणूस! आपल्या शेवटच्या यानाला त्याने बायकोसाठी फळ करून टाकले आणि थरथरणारा हात पाठीमागे घेऊन उभा राहिला. परीक्षकांनी मान डोलावली. आणि बाय बोलली.

"फळ न्हय ता."

"म्हणजे?"

"यान आसा. ह्यांनी केलेला. वयर आकाशात फिरत ऱ्हवाचा, भितर माणसां ऱ्हवतली. अजून जगात कोणी बांधूक नाय." मग तिने बोट वर करून अगदी भावोजींच्या ढंगात दाखवले, "हांगा निजतत. हांगासून पाणी येता."

परीक्षक अवघडले. "पण वैनी, मगे ही कृत्रिम वस्तू झाली. माटोळीत ती बसना. सगळीच माटोळी बाद करूची पडतली."

"करा बाद," बाय म्हणाली. "करंज्यो खाऊन जावा."

परीक्षक गेले. मग भावोजी हळूच म्हणाले, "पयलो नंबर गेलो गो तुझो."

"तुमका कोणी सांगितलेला खोटा बोलूक?" बाय ताट उचलत म्हणाली. "इतक्या वर्सांत एकदा बोललात, ताय धड जमूक नाय. घाटार मेळता म्हणे!"

दोघेही हसू लागले. लेखाच्या आरंभीचा प्रश्न मी दोघांपैकी कुणालाही विचारू शकलो असतो, पण मला तो त्या वेळी सुचला नाही.

भावोजींना जाऊन आता बरीच वर्षे झाली. बाकीची याने एकेका पावसाळ्यात विरघळत गेली. चाक राहिले आहे. ते तपकिरी पडले आहे आणि एका बाजूने थोडे खचले आहे, पण दुरून गोल दिसते. बाय स्पर्धेत नाव देत नाही. माटोळी चाकाभोवतीच बांधते. चतुर्थीच्या आधी ती मला बोलावून घेते आणि खुर्चीवर चढण्यापूर्वी विचारते, "कोणी बांधला काय रे ता?" बांधले असेल तर उतरवायला हवे, हे तिला कुणी सांगावे लागत नाही. मी वर्तमानपत्रे चाळलेली असतात, शाळेतल्या नव्या विज्ञानशिक्षकांनाही विचारलेले असते. "नाही," मी सांगतो. "बरां," ती म्हणते आणि जुना दोरा काढून नवा बांधायला घेते.

परंतु माझी माहिती पेडण्यापुरती आहे, आणि उत्तर 'नाही' असावे अशी माझी इच्छा असल्यामुळे मी निःपक्षपाती परीक्षक नव्हे. म्हणून वाचकांना विनंती आहे. माणसे आत राहतील असे, चाकासारखे गोल, स्वतःभोवती फिरणारे स्थानक आजवर कुणी खरोखर बांधले आहे काय? बांधल्याचे आढळलेच तर मला कळवावे, बायला कसे सांगायचे ते मी पाहीन. परंतु माझ्या शब्दावर विसंबू नये. आपण स्वतः पडताळून पाहावे.