भांडणाचा पुरावा

कॅनडात, मिसिसागातल्या आमच्या काँडोत भिंतीपलीकडे एक अफगाण निर्वासित राहतो. रोज सकाळी तो फोनवर पेशावरमध्ये अडकलेल्या बायकोशी कडाकडा भांडायचा आणि मग लिफ्टमध्ये हसत सांगायचा, "भाईसाब, आज भी टोपी न पहनने पे डाँट पडी." तिला इकडे आणायचा अर्ज त्याने कधीचाच केला होता. मध्येच इमिग्रेशनने नातं खरं असल्याचा पुरावा मागितला. हा थेट माझ्या दारात! "आप पडोसी हो. लिख दो, हम रोज लडते हैं." मी अगदी मनापासून लिहून दिलं.

परवा ती आली. काल सकाळी पलीकडे सामसूम. मला चहा जाईना.

आज मात्र दोन्ही आवाज चढले. मी बायकोला हाक मारली, "अगं ऐक, नांदायला लागली ती!"