कारखानीस साहेबांचं कसब

कारखानीस साहेबांनी कुणाला चहा विचारला, की तो माणूस बसल्या जागी घामाघूम व्हायचा. खोपोलीजवळच्या आमच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात त्या चहाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. साहेब माणसाला समोरच्या खुर्चीवर बसवत. शिपायाला सांगत, "दोन चहा, त्यातला एक स्पेशल." मग घरचं विचारत, म्हातारीचा दमा कसा आहे, यंदा भात कितपत आला. कप रिकामा झाला की टेबलाच्या खणातून पत्र काढून त्याच्या हातात ठेवत. "मी कुणालाही कोरड्या घशानं घरी पाठवत नाही," असं ते आम्हाला सांगत, आणि सांगताना त्यांचा चेहरा खरोखर दानशूर माणसासारखा दिसे.

ते पत्र ब्रेकचं असे. हंगामी कामगाराचे वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले, की तो कायम होण्याचा हक्क सांगू शकतो. म्हणून दोनशे तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी त्याला घरी बसवायचं आणि पंधरा-वीस दिवसांनी नवा माणूस म्हणून पुन्हा आत घ्यायचं, किंवा घ्यायचंच नाही. हा ब्रेक नेमका कधी द्यायचा, यात साहेबांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. हुद्दा पर्सोनेल ऑफिसर. हल्ली याच खुर्चीला मानव संसाधन की असंच काहीतरी म्हणतात. पाटी बदलली म्हणून खुर्ची बदलत नाही.

मी त्यांच्या हाताखाली कारकून होतो, टायपिंगसकट. बी. ए. पास. कशेळ्यापुढच्या आमच्या वस्तीत माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा नव्हतं, हे मी तेव्हाही मिरवत होतो आणि आजही मिरवतो. वडिलांनी छप्पन साली बुद्ध धम्म घेतला आणि पुढच्याच जूनमध्ये मला शाळेत घातलं. दोन्ही गोष्टी ते एका दमात सांगत. मुलाखतीत कारखानीस साहेब माझी मार्कलिस्ट उलटीसुलटी करून बघत म्हणाले होते, "तुमच्या लोकांत ग्रॅज्युएट म्हणजे कौतुकच हं, जाधव." मला नोकरी पाहिजे होती. मी मान हलवली.

चार वर्षांत मला पाच ब्रेक मिळाले. माझ्या ब्रेकचं पत्र मीच टाइप करायचो. एकदा माझ्याच नावात एक अक्षर चुकलं, तर त्यांनी लाल पेन्सिलीनं गोल करून कागद परत दिला. "नाव म्हणजे माणूस, जाधव. ते तरी नीट लिही." आणि ब्रेकमध्येही मी कामावर जातच होतो, कारण फायली दुसऱ्या कुणाला सापडत नसत. हजेरीपटावर मी नसायचो, खुर्चीवर असायचो.

खालापूरकडचा यशवंता नावाचा एक जवान गडी लगद्याच्या टाकीवर होता. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दिवसांचा हिशोब चोख. त्याला साहेबांनी बोलावलं तो दिवस मला आठवतो.

"बस रे यशवंत. चहा घे."

"च्या नको सायेब."

"अरे घे. निवेल."

"तुमचा च्या पिला का मानूस घरी जातो सायेब. माजे आट दिवस ऱ्हायलेत फकस्त. तेवडे भरू द्या. बायको म्हैन्याभरात बाळंत व्हायची हाय."

"अरे, वा! मुलगा होणार बघ तुला." साहेबांनी खण उघडला. "हे बघ, यात पर्सनल काही नाही."

हे त्यांचं पालुपद. आमचा शिपाई रामा बाहेर कामगारांना सांगायचा, "खात्याचं नाव पर्सनल, सायबाचं नाव पर्सनल, दारावर पाटी पर्सनल, आनि आत गेला का बोलतो पर्सनल काय नाय!"

यशवंता शेवटपर्यंत खुर्चीवर बसला नाही. उभ्यानंच पत्र घेतलं, अंगठा दिला आणि गेला. त्याच्या चहावर साय धरली होती. साहेबांनी तो कप माझ्याकडे सरकवला. "घे जाधव, वाया कशाला घालवायचा." मी तो प्यालो. कारखानीस साहेबांवर लिहायला बसलोय, तर माझं एवढं सांगायलाच हवं.

अशा या माणसाला एके दिवशी कॅनडाला जायचं वेड लागलं. त्यांचा मेहुणा टोरांटोला होता. त्यानं कळवलं, की इकडे कसबी लोकांना मागणी आहे. झालं. साहेबांना रातोरात साक्षात्कार झाला, की आपण कसबी आहोत. मी फिटर समजू शकतो, वेल्डर समजू शकतो. सुतार समजू शकतो, त्यानं केलेल्या खुर्चीवर माणूस बसू शकतो. साहेबांचं कसब काय? तर दोनशे तेहतिसाव्या दिवसाऐवजी दोनशे बत्तिसाव्या दिवशी माणूस काढणं. ते मात्र त्यांना झोपेत विचारलं तरी जमलं असतं.

कॅनडाला जायला मार्क लागत. शिक्षणाला इतके, अनुभवाला इतके, इंग्रजीला इतके. जन्मभर दुसऱ्यांना मार्क देणारा माणूस पाचवीतल्या पोरासारखा बोटांवर बेरजा करू लागला. मुंबईहून त्यांनी एक जाडजूड लोकरी ओव्हरकोट आणला. तो मे महिन्यात, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट, खुर्चीमागच्या खुंटीवर टांगला. कँटीनमध्ये ते काट्या-चमच्यानं बटाट्याची भाजी खाऊ लागले. पुरी काही काट्यात येईना. दोन वेळा ती उडून अकाउंटंटच्या ताटात पडली.

दुपारी काम नसलं, की मला समोर बसवत. "जाधव, समज तू कॅनडाचा अधिकारी आहेस. विचार मला प्रश्न."

त्यांनी माझ्या पाच वेळा मुलाखती घेतल्या होत्या. प्रत्येक ब्रेकनंतर, मी कोण हे माहीत नसल्यासारखं, पहिल्यापासून. मीही खुर्चीत रेलून बसलो.

"तुम्ही काय काम करता?"

"आय लुक आफ्टर पीपल."

"किती वर्षं?"

"अकरा."

"मग एवढी सांभाळलेली माणसं टाकून निघालात कसे?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "असं ते विचारत नाहीत रे. ते फक्त हाताखाली किती स्टाफ आहे ते विचारतात."

आणि तिथंच त्यांची गाडी अडली. दिल्लीला कॅनडाच्या वकिलातीत मुलाखत ठरली आणि त्यांनी सोबत कागद मागवले. तुमच्या हाताखालचा कायम कर्मचारीवर्ग कोण, त्यांचं शिक्षण काय, नेमणुकीच्या पत्रांच्या प्रती जोडा. साहेबांच्या हाताखाली कायम म्हणावा असा एक रामा शिपाई, सातवी नापास. दुसरा मी, आणि मला तर त्यांनी कायम होऊच दिलं नव्हतं.

इकडे माझंही याच एका शब्दावर अडलं होतं. मोहोपाड्याची एक मुलगी मला सांगून आली होती. मी पाहिली होती, तिनं मला पाहिलं होतं, दोघांचंही काही म्हणणं नव्हतं. तिचे वडील तिथल्या केमिकल कंपनीत कामाला. ते आमच्या घरी येऊन माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगा बी. ए. हाय, आमाला पसंत हाय. पन कायम हाय का?"

"हापिसात बसतो," माझे वडील म्हणाले.

"बसतो ते ऱ्हाव द्या हो. कायम बसतो का?"

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी कौलांकडे. "दिवाळीपोत थांबतो आमी," पाहुणे उठता उठता म्हणाले. "मंग दुसरीकडं बघाया मोकळं." तेव्हापासून मी घरी पाऊल टाकलं की वडील एकच विचारत, "झालास का रं कायम?" पुस्तकं घ्यायला स्वतःची बैलजोडी विकणारा माणूस. त्याला मी चार वर्षं "नाय अजून" सांगत होतो.

भर श्रावणात साहेबांनी मला बोलावलं आणि रामाला सांगितलं, "दोन चहा." माझे अजून दोनशे दिवससुद्धा भरले नव्हते.

पण खणातून निघालं ते वेगळंच. त्यांच्या अक्षरातला एक मसुदा. त्यात मी असिस्टंट होतो, ग्रॅज्युएट होतो, आणि पहिल्या नेमणुकीच्या तारखेपासून सलग, कायम सेवेत होतो.

"टाइप कर. मोठ्या साहेबांची सही मी घेतो, खाली तुझी. एकच प्रत हं. दिल्लीचं काम झालं की विसरून जायचं."

"साहेब, मी कायम नाही."

"कागदावर तर आहेस ना! कॅनडातून कोण खोपोलीला बघायला येतंय?"

"मला पाच ब्रेक दिलेत तुम्ही."

"अरे, ते आपल्या घरातलं. ते तिकडे कशाला?"

काय झालं माझं मलाच कळलं नाही. मी चहाचा कप त्यांच्याकडे परत सरकवला आणि म्हणालो, "ऑर्डर खरी काढा. हजेरीपटावर चढवा. मग सही करतो."

"तुला कायम केलं तर उद्या रांग लागेल दारात."

"मग दुसरा ग्रॅज्युएट बघा."

दुसरा कुठून आणणार? एकच ठेवला होता, स्वस्तात पडतो म्हणून. तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. रामाकरवी चिठ्ठ्या पाठवत, मधे चार फुटांचं टेबल. चौथ्या दिवशी ऑर्डर निघाली, मोठ्या साहेबांच्या सहीशिक्क्यानं, जुन्या तारखेपासून. कुणी म्हणेल, ही लबाडी झाली. मी म्हणतो, चार वर्षं मी रोज त्याच खुर्चीवर होतो. खोटे होते ते ब्रेक.

घरी सांगितलं तेव्हा वडील उठून बाहेर गेले आणि बराच वेळ गोठ्यात उगाच दावी सारखी करत राहिले. दिवाळीनंतर लग्न झालं. साहेब आहेर घेऊन आले आणि मांडवात माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "तुमच्या जावयाला मी कायम केला बरं का. माझं पहिल्यापासून लक्ष होतं त्याच्यावर." सासऱ्यांनी दोन्ही हात जोडले. मी अक्षता झटकत उभा राहिलो. ज्या माणसाचं तोंड बघू नये असं वाटतं, त्याच्या एका मार्कासाठी आपलं घर उभं राहावं, हे पचवायला मला बरीच वर्षं लागली. पूर्ण पचलं असं आजही म्हणवत नाही.

त्यांना कॅनडाचा परवाना मिळाला. निरोप समारंभ कँटीनमध्ये झाला. बटाटेवडे, पेढे, मोठ्या साहेबांच्या हातून शाल-श्रीफळ. मग कुणीतरी म्हणालं, "जाधवला बोलू द्या, तो शिकलेला आहे." मी उठलो. हातात कागद नव्हता. काय बोलणार हेही ठरवलं नव्हतं. एवढंच माहीत होतं, की आता मी काहीही बोललो तरी मला कुणी चहा पाजू शकत नव्हतं.

मी म्हणालो, "कारखानीस साहेबांच्या कामाबद्दल सांगायचं, तर त्यांनी हाताळलेल्या माणसांची नावं घ्यावी लागतील." आणि मी नावं घेऊ लागलो. तांबाटीचा गोमा, दोनशे एकतीस दिवस. कडावचा बाबू, दोनशे छत्तीस. चौकचा लक्ष्मण, दोनशे तीस. यशवंता, दोनशे बत्तीस. वावोशीचे दोघे भाऊ, एकाच दिवशी. मी थांबलो नाही. खाणारे खायचे थांबले. मोठे साहेब घड्याळ बघू लागले. मागच्या बाकांवरच्या कामगारांत आधी कुजबुज झाली, मग तीही थांबली. ज्यांची नावं घेत होतो, त्यांतला एकही तिथं नव्हता. असणार कसा? बेचाळीस नावं झाली तेव्हा मी खाली बसलो. टाळी कुणी वाजवली नाही. वाजवली ती एकट्या कारखानीस साहेबांनी.

मला वाटलं होतं, निदान त्यांचा चेहरा उतरेल. ते शाल सावरत माझ्याकडे आले.

"छान बोललास. पण हे सगळे कोण रे? आपल्याकडचेच का?"

"तुम्ही ब्रेक दिलेले, साहेब."

"एवढे?" ते खरंच चकित झाले. मनात मोजत असावेत. "आणि तुला ही नावं पाठ कशी?"

"पत्रं मीच टाइप केली होती."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, मग मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. "असं कर जाधव. उद्या मला ही यादी टाइप करून दे. नावं आणि दिवस, दोन्ही. लेटरहेडवर. तिकडे नोकरी शोधताना अनुभव म्हणून दाखवता येईल."

ते थट्टा करत नव्हते. त्यांना थट्टा येतही नसे. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनदा आठवण केली, तिसऱ्या दिवशी रामाला पाठवलं, निघायच्या दिवशी जिन्यावर गाठून पुन्हा विचारलं. "देतो," असंही मी म्हणालो नाही आणि "नाही" असंही म्हणालो नाही. मशीनवर झाकण घातलं आणि जेवायला गेलो.

पुढे त्यांचं तिकडे काय झालं, मला ठाऊक नाही. मी कुणाला विचारलंही नाही. यशवंताची चौकशी मात्र एकदा खालापूरच्या बाजारात केली होती. बायको-पोराला घेऊन तो गुजरातकडे विटांच्या कामाला गेला, एवढंच कळलं. मुलगा झाला होता की मुलगी, ते सांगणाऱ्याला माहीत नव्हतं.