शेटेकाकूंची एक वर्षाची मुदत

आमच्या कॉलनीत नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं, किस्से मात्र रोज येतात. आणि ते साठवायला टाकी लागत नाही, हे एक बरं. राहुरीच्या बाहेर, उसाला लागून आमची चाळीस घरं. बहुतेक सगळे नोकरी संपवून आलेले, कोणी पुण्याहून, कोणी मुंबईहून. मी इथलीच. माझे मिस्टर कॉलनीची देखभाल बघतात आणि पाण्याच्या दिवशी सकाळी सहाला एकेका गल्लीचा वॉल्व्ह उघडायची लांब लोखंडी चावी माझ्याकडे असते. चावी माझ्याकडे म्हणून गाऱ्हाणीही माझ्याकडे. गेल्या वर्षभरातली निम्मी एकट्या शेटेकाकूंची!

शेटेकाका मूळचे इथून जवळच्याच सोनईचे, नोकरी ठाण्यात झाली. तिथल्या दमट हवेनं त्यांचा दमा इतका वाढला की पावसाळाभर ते बसून झोपायचे. डॉक्टर म्हणाले, कोरड्या हवेत राहा. म्हणून गेल्या मे महिन्यात इथं आले. काकूंचं माहेर कोकणातलं, परसात विहीर. पाण्याला वार असतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

*

आल्या तो सोमवार होता. नळाचं पाणी सकाळीच येऊन गेलेलं, टाकी काठोकाठ. काकूंनी पदर खोचला, पाईप लावला आणि घर धुऊन काढलं. फरशी, खिडक्या, जिना, अंगण, शेवटी फाटकाबाहेरचा रस्तासुद्धा. संध्याकाळी माझ्या दारात येऊन म्हणाल्या, “नळ बंद झालाय, जरा पाणी सोडता का?”

मी म्हटलं, “सोडते की. शुक्रवारी.”

त्या हसल्या. मी हसत नाही हे बघून पायरीवर बसल्याच.

त्या संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येक घरातून एकेक कळशी पिण्याचं पाणी त्यांच्याकडे गेलं. काकूंनी अकरा कळश्या ओळीनं मांडल्या आणि आमच्यासमोरच काकांना सांगितलं, “एक वर्ष. पुढच्या मेपर्यंत मला जमलं नाही, तर घर विकायचं आणि परत जायचं.”

काका कळश्यांकडे बघत राहिले.

*

त्या चार दिवसांत वापरायला कोपऱ्यावरच्या बोअरचं पाणी होतं. काकूंनी त्यातच डाळ लावली. बारा शिट्ट्या झाल्या, तरी डाळ गोट्यांसारखी. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानातली आणली, तिसऱ्या दिवशी तिसऱ्या. तिसऱ्या दुकानदाराला तर जुना माल विकतोस म्हणून झापलंही. शेवटी पिशवी घेऊन शेजारच्या गायकवाड सिस्टरांकडे गेल्या. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स, बोलायला रोखठोक. त्यांनी पिशवीत डोकावलंसुद्धा नाही.

“डाळीला काय बी झालं न्हाई. बोअरचं पाणी लई जड हाय. पेशंट बदलत बसू नका काकू, सलाईन बदला.”

कळशीतलं पाणी घातलं, तर तीन शिट्ट्यांत डाळ शिजली. संध्याकाळी काकू तिसऱ्या दुकानदाराकडे डबाभर आमटी घेऊन गेल्या. माफी मागितली की नाही ते माहीत नाही, पण डबा रिकामा परत आला.

*

पुढे काकू इतक्या तयार झाल्या की गल्लीला त्यांचा धाक बसला. भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासला. आमच्या गल्लीत एक निवृत्त हेडमास्तर आहेत. ते दर पाण्याच्या दिवशी पाईप लावून आपली स्कूटर धुवायचे. एकदा काकू फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“मास्तर, ही चालते का?”

“नाही. चार वर्षं झाली बंद आहे.”

“मग मळते कशानं?”

मास्तरांनी पाईप खाली ठेवला. आता ते स्कूटर फडक्यानं पुसतात, तेही काकू घरात असल्या की.

*

दिवाळीनंतर मला टायफॉईड झाला. मिस्टर औषधं आणायला गेलेले, आणि त्या दिवशी पाणी. काकू आल्या, खिळ्यावरची चावी काढली आणि म्हणाल्या, “मंगल, तू पडून राहा.” गेल्या आणि आमच्याऐवजी मागच्या गल्लीचा वॉल्व्ह उघडून आल्या. तिकडच्या टाक्या वाहायला लागल्या तेव्हा कळलं. तोवर पाण्याची वेळ संपली होती.

सिस्टर म्हणाल्या, “आल्या दिवशी एक टाकी रिकामी केली, आज आख्खी गल्ली. प्रगती हाय काकू.”

काकूंना रडू आवरेना. पण मागच्या गल्लीतल्या लोकांनी आपापल्या बागेचे पाईप एकाला एक जोडले, मोटार लावली आणि आमच्या प्रत्येक घराची टाकी अर्धी अर्धी भरून दिली. मी अंथरुणात पडून ती मोटार ऐकत होते. पाण्यावरून डोकी फोडणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. इथं मला कोणी एका शब्दानं बोललं नाही, उलट दुपारी दोन घरांतून पेज आली. ते माझ्या मनातून जात नाही.

*

एप्रिलमध्ये गच्चीवरची काळी टाकी तापली की दुपारी नळाला चटका देणारं पाणी येतं. काका एकदा भर दुपारी अंघोळीला शिरले आणि तांब्याभर पाणी घेताच ओरडत बाहेर आले. काकू मला सांगत होत्या, “ठाण्यात गिझर बंद करा म्हणून यांच्यामागे लागायचे. इथं सूर्याला कोण सांगणार?” तेव्हापासून त्या पहाटेच बादली भरून मोरीत झाकून ठेवायला लागल्या. स्लॅबला चुनाही मारून घेतला. त्याच दिवशी हळूच म्हणाल्या, “मंगल, हे आता आडवे होऊन झोपतात गं. सकाळपर्यंत.”

*

मे आला. मुदत कोणी विसरलं नव्हतं. काकूंच्या ठाण्यातल्या मुलीनं एक गिऱ्हाईक शोधलं आणि एका रविवारी पुण्याहून नवराबायको घर बघायला आले. पाण्याचाच दिवस होता. सिस्टर एकच पायरी तिसऱ्यांदा झाडत होत्या. मास्तर स्कूटर पुसत होते. मी हातात चावी घेऊन फाटकाशी उभी. काका ओट्यावर बसलेले, कोणाकडेच न बघता.

पाहुण्यांना घर पसंत पडलं. ते म्हणाले, “पाण्याचं कसं आहे इथं?”

काकूंनी सगळं सांगितलं. चौथ्या दिवशी येतं, तेही सकाळी, उठला नाहीत तर गेलं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. एप्रिलमध्ये नळाखाली हात धरवत नाही. स्लॅबला दर वर्षी चुना लागतो. आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “ही आजारी पडली, तर आमच्या गल्लीचं पाणी दुसऱ्या गल्लीत जातं.”

बाई गाडीकडे निघाल्यासुद्धा. गृहस्थ सभ्य होते. जाता जाता त्यांनी प्यायला पाणी मागितलं. काकूंनी माठातलं तांब्याभर आणून दिलं. त्यांनी उभ्या उभ्या तो रिकामा केला आणि म्हणाले, “पाणी मात्र गोड आहे हो तुमचं.”

काकूंनी त्यांच्या हातातून तांब्या काढून घेतला. म्हणाल्या, “लांबून आलात, तहान लागली असेल.”